नऊ मार्चचा रविवार

माझ्या कॉम्प्युटरवर वर्षभर रविवार होता. नऊ मार्च दोन हजार तीन. बाहेर कळंब्याच्या रस्त्यावर सोमवार, मंगळवार येत होते, पोरं शाळेला जात होती, दिवाळीसुद्धा येऊन गेली. मी रोज सकाळी मशीन सुरू करायचो आणि सगळ्यात आधी कोपऱ्यातल्या घड्याळावर जाऊन तारीख मागे न्यायचो. मग चहा घ्यायचो.

मला कॉम्प्युटरवर नवीन नवीन सॉफ्टवेअर लावून बघायची खोड होती. छंद म्हणायचा तर म्हणा, पण माझ्या आईचा, अव्वाचा, शब्द खोड हाच होता. घराच्या पुढच्या खोलीत माझं टायपिंगचं दुकान. लग्नपत्रिका, बायोडेटा, पतसंस्थेचे अहवाल. पोटापाण्याचं काम दोन सॉफ्टवेअरवर भागायचं, पण महिन्याला एक इंग्रजी मासिक यायचं आणि त्याच्यासोबत एक सीडी. सीडीत पन्नास-साठ सॉफ्टवेअर. फोटो सुधारणारं, पत्रिका मांडणारं, डिस्क साफ करणारं, उगाच स्क्रीनवर मासे पोहवणारं. मी एकही सोडायचो नाही. बहुतेक सगळी तीस दिवसांची ट्रायल. तीस दिवस झाले की कुलूप. तोवर पुढची सीडी आलेली असायची. त्यामुळे माझं काही अडायचं नाही. कुठलीही गोष्ट एकतीस दिवस वापरायची वेळ माझ्यावर कधी आलीच नव्हती.

त्या वर्षीच्या फेब्रुवारीत आवाजाचं एक सॉफ्टवेअर आलं. माइकवर बोलायचं, ते मागची घरघर, पंख्याचा आवाज, रस्त्यावरची रिक्षा सगळं काढून टाकायचं आणि नुसता माणूस ठेवायचं. मला ते फार आवडलं. नऊ मार्चला, रविवारी, मी शिवलीलाला हाक मारली. शिवलीला माझी बायको. ती हात पुसत आली आणि माइकपुढं उभी राहिली. अडतीस सेकंदांचं रेकॉर्डिंग झालं.

"काय बोलू? हॅलो. हॅलो. एक, दोन, तीन. ह्यात काय बोलत्यात? गॅसवर दूध हाय, उतू जाईल. रक्षी, वायर सोड. सोड म्हटलं न्हवं? झालं का तुमचं? जाऊ का मी?"

मग माझा आवाज. "जा."

आणि ती गेली, दूध बघायला. मी फाइलला नाव दिलं 'टेस्ट ३'.

सहा दिवसांनी, पंधरा मार्चला, ती वारली. ताप आला, मेंदूत गेला, चार दिवसांत संपलं. सांगायला एवढंच आहे. आमच्या लिंगायतांत माणसाला बसवून पुरतात. तिलाही बसवलं, कपाळाला विभूती लावली, हातात इष्टलिंग दिलं. जंगमस्वामी म्हणाले, रडायचं नाही, ती लिंगैक्य झाली. मी रडलो नाही. मला ते अवघडही गेलं नाही, याचंच नंतर आश्चर्य वाटलं. आमच्यात सुतकही धरत नाहीत, त्यामुळे तिसऱ्या दिवशी दुकान उघडलं. एका गिऱ्हाइकाची बारशाची पत्रिका राहिली होती. ती केली. शुद्धलेखनाची एक चूकसुद्धा झाली नाही.

बावीस मार्चला ते सॉफ्टवेअर उघडलं तेव्हा त्याने सांगितलं, दोन दिवस उरले. खाली 'टेस्ट ३' दिसत होती. ती त्याच सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या साच्यात होती, दुसऱ्या कशात उघडायची नाही. साध्या साच्यात फाइल बाहेर काढायची तर पूर्ण सॉफ्टवेअर घ्यायला हवं होतं. घेणार कुणाकडून? कंपनीची वेबसाइटच बंद पडलेली. मी दोन पत्ते शोधून ईमेल पाठवले, दोन्ही परत आले.

मग मी तारीख मागे नेली. हा उपाय सगळ्यांनाच माहीत होता. घड्याळ मागे असलं की सॉफ्टवेअरला वाटतं, अजून मुदत आहे. पण मुदत संपल्यावर एकदा का खऱ्या तारखेला ते उघडलं, की त्याला कळतं, आणि मग तारीख कितीही मागे न्या, ते कायमचं बंद. चार सॉफ्टवेअर मी अशी गमावली होती. ती गेल्याचं काही वाटलं नव्हतं. मागे न्यायचीच आहे तर किती, असा विचार करून मी नऊ मार्च निवडली.

रक्षिता, आमची लेक, तेव्हा तीन वर्षांची होती. बालवाडीतून आली की दप्तर टाकायची आणि माझ्या मांडीवर चढायची.

"अप्पा, आईचं लाव."

मी लावायचो. अडतीस सेकंद. रक्षी वायर सोड म्हटलं की ती हसायची. माझा 'जा' आला की उतरून खेळायला पळायची. मी पुढची पत्रिका उघडायचो. लोक म्हणायचे, राजशेखरनं धीरानं घेतलं. धीर कसला? आत काही हलतच नव्हतं. दात काढायच्या आधी डॉक्टर सुई देतात, तसं. आपलाच गाल, पण बोट लावलं तर दुसऱ्याचा.

एक काम मात्र मी नेमानं करत होतो. दर महिन्याच्या सीडीतलं आवाजाचं प्रत्येक सॉफ्टवेअर लावून बघायचो. 'टेस्ट ३' कशातच उघडेना. जुलैत एक मिळालं, ते स्पीकरकडं जाणारा आवाज वाटेतच पकडायचं. त्यात ती आली. पण माझं साउंड कार्ड जुनं, मागं सारखी घूं घूं. मी ते दोनदा ऐकलं आणि पुसून टाकलं. होय, पुसून टाकलं. पुढच्या सीडीत याच्यापेक्षा चांगलं येईल, असं मला वाटलं. मला ती स्वच्छ हवी होती.

अव्वाही एकदा म्हणाली होती. अव्वाचं नाव गंगव्वा. दर सोमवारी ती मठात प्रवचनाला जायची ती कापडी पिशवीत टेपरेकॉर्डर घालून. कर्ण्याखाली टेप ठेवायचा, दोन बटणं दाबायची आणि शेजारी बसायचं. घरी ऐकायला लावलं की स्वामीजी कमी आणि खोकणारे भक्त जास्त.

"त्या डब्यापुढं माझा टेप ठिवू का?" तिनं विचारलं होतं. "मी मठात घेतो तसं?"

"अव्वा, कचरा येतो त्यात," मी म्हणालो. "कुत्रीसुद्धा ऐकू येतात तुझ्या प्रवचनात."

"येऊ देत की. मठात कुत्री असत्यात," ती म्हणाली आणि आत गेली.

माझ्या सासऱ्यांना मी हे काहीच सांगितलं नव्हतं. प्रभुलिंग त्यांचं नाव. जयसिंगपूरला त्यांचं बी-बियाणांचं दुकान. शिवलीला त्यांची एकुलती एक. पोरीचा आवाज माझ्याकडे आहे हे त्यांना ठाऊकच नव्हतं. साफ करून, सीडीवर घालून एकदमच हातात द्यावा, असं माझ्या मनात होतं. असं म्हणत म्हणत वर्ष गेलं.

वर्ष भरत आलं तेव्हा ते पुण्यस्मरणाची पत्रिका बघायला आले. मार्चचा पहिला आठवडा होता. मी नव्या सीडीतलं पत्रिका करायचं सॉफ्टवेअर लावून बघत होतो. फोटोभोवती कमानी, कोपऱ्यात बेलाचं पान, चांगलं होतं. एक नमुना छापला आणि त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावला. फोटोवरून अंगठा फिरवला. मग कागद डोळ्यांजवळ नेला.

"जावईबापू, ह्ये खाली बारीक काय छापलंय? नऊ मार्च दोन हजार तीन?"

त्या सॉफ्टवेअरने घड्याळातली तारीख आपणहून खाली टाकली होती. माझं लक्ष नव्हतं.

"नऊ मार्चला लेक व्हती की माझी," ते म्हणाले. "सकाळी फोन केलता मला. बाबा, पंधरा तारखेला येतो म्हणाली."

ते ओरडले नाहीत. कागद परत दिला, एवढंच. मी कोपऱ्यात गेलो आणि तारीख खरी केली. मार्च दोन हजार चार, शुक्रवार. पुन्हा छापलं. आता बरोबर आलं. ते मान हलवून खुर्चीत बसले आणि अव्वानं चहा आणला.

तेवढ्यात रक्षी आली. दप्तर टाकलं, तिचे अज्जा, आजोबा, दिसले तशी त्यांच्या गुडघ्याला मिठी मारली.

"अज्जा, तुमी आईचं ऐकलंय?"

"आईचं काय गं?"

"आई बोलती त्यात. अप्पा, लाव की. अज्जाला लाव."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. कप अर्ध्यात थांबला. त्या नजरेपुढे मला फक्त एकच सुचलं, की आधी ऐकवावं, बोलायचं ते नंतर बोलू. वर्षभर रोज दुपारी जे केलं तेच हाताने केलं. माउस नेला, दोनदा टिचकी मारली.

मधोमध एक करडी चौकट आली. इंग्रजीत दोन ओळी. तुमची मुदत संपली आहे. आभारी आहोत.

मला लगेच कळलं, तारीख खरीच राहिली होती. तरी मी ते बंद केलं, तारीख मागे नेली, पुन्हा उघडलं. तीच चौकट. मशीन बंद करून सुरू केलं. तीच चौकट. मग मला दिसलं, की प्रिंटरमधला पिवळा रंग संपत आलाय आणि अजून पत्रिका छापायच्या आहेत. मी खरंच तो विचार केला, त्या वेळी.

"काय झालं?" सासऱ्यांनी विचारलं.

मी सांगितलं. सगळं, सुरुवातीपासून, अडतीस सेकंद, तीस दिवस, रोजचं घड्याळ. जुलैत पुसलेलंही सांगितलं. सांगताना माझा आवाज गिऱ्हाइकाला दर सांगावा इतका सरळ होता. त्यांनी कप खाली ठेवला. शेवटी म्हणाले, "म्हंजे वरीसभर हितं बोलत व्हती ती. आणि मी जयसिंगपुरात."

"स्वच्छ करून देणार होतो," मी म्हणालो.

"मला घाण चालली असती की, राजशेखर."

नेहमी जावईबापू म्हणायचे. त्या दिवशी नाव घेतलं.

रक्षीला यातलं काही कळलं नव्हतं. तिला एवढंच दिसत होतं, की मशीन लागत नाही आणि अज्जा वाट बघत बसलेत.

"राहू दे ते," ती म्हणाली. "मलाच येतंय."

ती स्टुलावर चढली, माइकपुढं उभी राहिली आणि आधी फ्रॉकला हात पुसले. हात पुसणं काही रेकॉर्डिंगमध्ये नव्हतं. ते तिला कुठून आलं, मला आजही माहीत नाही.

"थांब गं, थांब," अव्वा म्हणाली. आत जाऊन टेप घेऊन आली, प्रवचनाची कॅसेट तशीच आत होती. तिनं तो स्टुलापाशी ठेवला, दोन बटणं दाबली. स्वामीजींवरच रेकॉर्ड होणार होतं. तिनं एकदाही विचार केला नाही. "हं. बोल आता."

"काय बोलू?" रक्षी म्हणाली. "हॅलो. हॅलो. एक, दोन, तीन. ह्यात काय बोलत्यात?"

आवाज पोरीचाच होता, बारीक. पण थांबण्याच्या जागा शिवलीलाच्या होत्या. 'हॅलो' दोनदा आणि दुसऱ्यांदा थोडं वैतागून. बाहेर रस्त्यावर कुणीतरी रिक्षा सुरू करत होतं. तेही टेपमध्ये जात होतं.

"गॅसवर दूध हाय, उतू जाईल. रक्षी, वायर सोड. सोड म्हटलं न्हवं?"

प्रभुलिंग तोंडावर रुमाल धरून बसले होते. खांदे हलत होते.

"झालं का तुमचं?" रक्षी माझ्याकडे वळली. "जाऊ का मी?"

आणि ती थांबली. वर्षभर इथं माझा आवाज यायचा. तो आला नाही म्हणून ती बघत राहिली.

मला तो एकच शब्द बोलायचा होता. एका अक्षराचा. नऊ मार्चला मी तो बोललो होतो, पण मान वर न करता, पडद्याकडे बघत. शिवलीला हात पुसत आली होती, माझ्यासाठी उभी राहिली होती, जाऊ का म्हणून विचारत होती, आणि मी तिच्याकडे बघितलंसुद्धा नव्हतं. तिथं माझ्या आत काहीतरी सुटलं. वर्षभराचं दुखणं एकदम सगळीकडून आलं. मी खुर्चीचा हात धरून ठेवला.

"अप्पा, तुझं राहिलंय," रक्षी हळूच म्हणाली. "बोल की. जाऊ का मी?"

"नको," मी म्हणालो. "नको जाऊस."

तिनं कपाळाला आठ्या घातल्या.

"असं न्हाय, अप्पा," ती म्हणाली. "'जा' म्हणायचं."

टेप चालूच होता. अव्वानं बटण दाबलं नाही, आणि माझं रडणं पुढं कॅसेट संपेपर्यंत त्यात गेलं.