फोटोपुरते पाच दिवे

दिवाळीच्या शुभेच्छा पाठवायला असं काय मोठं लागतं हो? शहाद्यातला कुठलाही दुकानदार सकाळचा चहा पिता पिता शंभर जणांना पाठवून मोकळा होतो. रविना पावराच्या डोक्याला मात्र त्याच शुभेच्छांनी आठ दिवस ताप करून ठेवला होता.

तोरणमाळच्या अलीकडं डोंगरात तिचा पाडा. तिथल्या अकरा बाया आमचूर आणि चारोळी पाकिटात भरतात. रविना बारावी शिकलेली, म्हणून गिऱ्हाइकं सांभाळायचं काम तिच्या गळ्यात पडलेलं. सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे भूमिकाताई. मूळची तापीकाठच्या गुजर घरातली, आता पुण्यात दोन दुकानं. तिनं फोनवर सांगितलं, "रविना, यंदा ते फुलाफुलांचं तयार चित्र पाठवू नकोस हं. तुमच्या घरापुढं दिवे लावलेत, तुम्ही बाया बसलात, असा फोटो पाठव. गिऱ्हाइकांना तेच बघायचं असतं. दुसरा एक गट पाठवतोय बरं का असे फोटो."

शेवटचं वाक्य हसत हसत आलं, तरी त्यातला इशारा रविनाला बरोबर कळला. हे गिऱ्हाईक गेलं तर अकरा जणींना काय तोंड दाखवणार?

पण दिवे लावायचे कसे? कॅलेंडरातली दिवाळी डोंगराखालच्यांची. पाड्याची दिवाळी गाव बसून ठरवतं, कधी महिन्यानं, कधी दोन महिन्यांनी. यंदा तर गावानं एकच ठरवलं होतं, बाज्याबाबा म्हणेल तेव्हा. त्याचा एकुलता एक पोरगा धर्मेंद्र भादव्यात घाटात मोटरसायकलसकट दरीत गेला. गावाची पूजा करणारा भिला पुजारा सगळ्यांसमोर म्हाताऱ्याला म्हणाला होता, "तुझं मन झालं की सांग. तोवर कुणाच्या दारात दिवा लागणार नाही." म्हाताऱ्यानं नुसती मान हलवली. तेव्हापासून तो कुणाशी धड बोललेला नव्हता.

"पाचच दिवे, आई. फोटोपुरते. पाच मिनिटांत विझवते."

दिवलीबाई सुपातली चारोळी निवडत होती. तिनं वर पाहिलंच नाही. "फोटोला लाव नाहीतर देवाला लाव, दिवा लागला म्हणजे लागला. मला विचारू नको."

"मग विचारू कुणाला? गिऱ्हाईक तुटलं की तूच म्हणशील, पोरीनं घालवलं!"

यावर आई काही बोलली नाही, आणि रविनानं तोच होकार धरला. माणसाला हवं असलं की गप्प बसणंसुद्धा होकार वाटतो. दिवस मावळताना तिनं अंगणात पाच पणत्या लावल्या. बोलावलं होतं सगळ्यांना, आल्या तिघीच, त्याही पदर सावरत, इकडंतिकडं बघत. फोटो मात्र असा झकास आला की काय सांगू!

रेंज टेकडीवरच मिळायची. रविना धापा टाकत वर गेली, फोटो पाठवला. 'किती सुंदर!' 'हीच खरी दिवाळी!' फोन टुणटुण वाजायला लागला. भूमिकाताईनं तर पुढच्या खेपेला दुप्पट माल मागितला. पोरगी उड्या मारतच खाली आली. आणि अंगणातच तिचे पाय थांबले.

ओट्यावर बाज्याबाबा बसला होता. धुतलेलं धोतर नेसलेला, काखेत कोंबडा, पुढ्यात तांदळाची पिशवी. गावदिवाळीला प्रत्येक घर देतं तो वाटा. त्याचं घर नाल्यापलीकडं, तिथून हे अंगण समोर दिसतं. पणत्या विझल्या होत्या, पण त्याला दिसायच्या त्या दिसून गेल्या होत्या.

"मला कुणी सांगितलं नाही," तो म्हणाला. "तरी आलो. वाटा द्यायचा राहायला नको."

"बाबा, दिवाळी नाही झाली!" रविना त्याच्यापुढं खालीच बसली. "फोटो काढला नुसता. पुण्याच्या गिऱ्हाइकांना पाठवायला."

म्हाताऱ्यानं काखेतला कोंबडा सावरला. "फोटो," तो म्हणाला. "मला वाटलं, गाव कंटाळलं माझ्यासाठी थांबून."

रविनाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माफी मागायला तोंड उघडते तोच भिला पुजारा आणखी दोघांना घेऊन तावातावानं अंगणात शिरला.

"कुणी लावले दिवे? गावानं शब्द दिलाय बाज्याला! लाज वाटते का नाही? ज्यानं लावले त्याच्या घरी पाड्यातलं माणूस पाणी पिणार नाही!"

दिवलीबाई सूप खाली ठेवून दारात आली. रविना उठली. "मी..."

"मी सांगितलं तिला," बाज्याबाबा म्हणाला. "माझं मन झालं. बुधवारी करा दिवाळी."

भिलाचा आवाज एकदम खाली आला. "खरं सांगतोस, बाज्या?"

"वाटा घेऊन आलोय, दिसत नाही का?" म्हाताऱ्यानं कोंबडा त्याच्या हातात दिला.

तिघं घाईघाईनं निघाले. वरच्या घराकडून हाक गेली, "बुधवारी दिवाळी! बाज्यानं सांगितलं!" पलीकडून कुणीतरी ढोलावर थाप मारली, पोरं आनंदानं ओरडली.

"बाबा, का असं बोललास? मी सांगते त्यांना, आत्ता जाऊन सांगते!" रविना रडत होती.

"गप. तुला या गावात राहायचंय." बाज्याबाबा गुडघ्यावर हात टेकून उठला. "फक्त बुधवारी नाचत नाचत घरोघरी फिराल ना, माझ्या घराकडं येऊ नका. माझं मन नाही झालं अजून."