समितीचं ठरेपर्यंत

पर्सी लंडनच्या कचेरीतून परतला, तसं हिल्डाने दारातच विचारलं, "ठरलं का?"

सरकारच्या बिनतारी संदेश केंद्रांचे नकाशे काढणं हे पर्सीचं काम. पुढचं केंद्र इजिप्तला की पूर्व आफ्रिकेत, हे सरकारी समितीने ठरवलं की बायकापोरीसह त्यालाही बोटीत बसायचं होतं.

"समिती म्हणते, यंत्रं पुन्हा तपासू. दोन महिने लागतील."

"मागेही दोनच म्हणाली होती!"

नऊ महिन्यांची म्यूरिएल पाळण्यात कुरकुरत होती. गरम देशात जायचं तर पोहोचेपर्यंत अंगावरचं दूध तोडू नका, इतक्यात जायचं नसेल तर आताच पाव-दूध सुरू करा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. हिल्डाचं दूध तिला पुरेनासं झालं होतं. लेकीची बारीक मनगटं बघून तिचा जीव खालीवर होई.

"म्हणजे माझ्या पोरीनं कधी जेवायचं, तेही समितीच ठरवणार?"

"अगं, तीनशे फुटी मनोरे उभारायचेत..."

"उभार की! तू हो पुढे. आम्ही हिला दात आल्यावर येऊ."

तिने दुधात पाव कुस्करला. पहिला चमचा म्यूरिएलने थुंकला, दुसरा गिळला. तिसरा भरताना हिल्डाने वाटीत दूध किती उरलंय ते पाहिलं.

"पर्सी," ती हळूच म्हणाली, "बोटीवर गाय असते का रे?"