टाकीचा आवाज

निंबाने नळावर तळहात टेकवला, कॉक जरासा आवळला आणि मान वर न करता विचारलं,

"आता?"

"हजी बोले छे, निंबाभाई," बा म्हणाल्या. "आखो दिवस कोगळा करे छे."

बा म्हणजे कतारगामच्या हिरेवाल्या सेठची आई. मासे बघत बसा, छातीला बरं वाटेल, असं डॉक्टर म्हणाले म्हणून लेकाने दिवाणखान्यात समुद्राच्या पाण्याची ही टाकी मांडली होती. आत जिवंत पोवळी, निळे-पिवळे मासे. काठावरून सांडणारं पाणी नळाने खालच्या टाकीत उतरायचं, पंप ते परत वर चढवायचा. उतरताना नळ पाण्याबरोबर हवाही गिळायचा आणि घळघळायचा. दिवसभराच्या त्या गुळण्यांत बांची जपमाळ मध्येच चुकायची.

निंबाला ती घळघळ ऐकूच येत नव्हती. तरुणपण कापड विणणाऱ्या लूमच्या खटखटाटात गेलं. पुढे त्याने नळाची कामं धरली, पण कान कारखान्यातच राहिले. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. कुणी मोठ्याने किंवा कानाशी बोललं तरच कळायचं; एरवी बोलणाऱ्याच्या ओठांवरून आणि आपल्या तळहातावरून तो निभावून न्यायचा. इथे मात्र पंपाच्या थरथरीपुढे तळहातही फसत होता.

"उद्या माणूस घेऊन येतो, बा. नळ धरायला."

निंबाच्या वस्तीत, गोडादऱ्यात, सप्ताह बसला होता. खानदेशातून आलेल्या बुवांचा गळा असा की चाल वर नेताना ते क्षणभर थांबले, तर अख्खा मांडव श्वास धरून बसायचा. निंबा टाळकऱ्यांच्या पहिल्या ओळीत. दिवसभर दुसऱ्यांची गटारं उपसणाऱ्या माणसाला देवासमोर उभं राहायला एवढी एकच जागा होती. पण लाउडस्पीकरमधून मृदंग, पेटी, गळा सगळं एकच गरगर होऊन त्याच्यापर्यंत यायचं. समोर बायकांत भागीरथी बसायची आणि कपाळापर्यंत हात उचलून टाळी द्यायची. बायकोच्या त्या हातांवर नजर ठेवून तो टाळ चालवायचा. हे तिलाही ठाऊक नाही, असं तो धरून चालला होता.

त्या संध्याकाळी प्रसादाच्या रांगेत शेजारचा टाळकरी दगा मोठ्याने म्हणाला,

"देव आठे शे रे, निंबा. तू तं बायकोलेच देखस."

रांग हसली. निंबाचे कान तापले. तो तसाच बायकांच्या बाजूला गेला आणि सगळ्यांदेखत भागीरथीला म्हणाला,

"हात खाले ठेवत जाय. कीर्तन शे, वरात नही."

तिच्या शेजारच्या उषाबाईने हसू दाबत तोंडाला पदर लावला. भागीरथीने हातातला द्रोण पलीकडच्या म्हातारीला दिला आणि चपला शोधू लागली.

सकाळी निंबा म्हणाला, "कतारगामले चाल. नळ धराले माणूस नही."

तिने भांडी पालथी घातली आणि निघाली.

बांच्या घरी त्याने नळांची मांडणी बदलली, एकाचे तीन केले. पहिला नळ पाण्याने काठोकाठ भरून ठेवायचा, म्हणजे हवा शिरायला जागाच उरत नाही. पहिल्याला पेलणार नाही तेवढं पाणी दुसऱ्या नळाच्या आतल्या अंगाने ओघळत जाईल. तिसरा कोरडा, पहिला तुंबलाच तर उपयोगी. मांडणी बरोबर होती. पण पहिल्या नळाचा कॉक नेमका किती आवळायचा, ते कानानेच ठरायचं.

भागीरथीने नळाला हात लावला. नळ क्लॅम्पमध्ये घट्ट बसवलेला होता, धरायची गरजच नव्हती. तिने क्लॅम्पकडे पाहिलं, हात काढून घेतला आणि टाकीला वळसा घालून त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

पंप सुरू झाला. काचेपलीकडे, माशांच्या वर, तिचे हात उचलले गेले. नळाने हवा गिळली की टाळी. निंबाने कॉक आवळला. टाळ्या विरळ झाल्या. आणखी आवळला, तर पाणी दुसऱ्या नळात धबाधबा कोसळू लागलं आणि टाळी भराभर पडू लागली. त्याने केसभर सैल केलं. एक टाळी. बऱ्याच वेळाने आणखी एक. मग तिचे तळवे एकमेकांना लागले ते तसेच राहिले.

बांचे ओठ हलले. माळ पुढे सरकू लागली.

निंबा हातांकडेच बघत होता. कपाळाच्या उंचीवर होते ते. मांडवात असायचे तिथेच. इतक्या उंच टाळी कुणी स्वतःसाठी देत नाही.

जिना उतरताना त्याने विचारलं, "कवयपासून?"

ती त्याच्या कानाशी आली. "आपली योगिता पाळनामा रडे आन् तुमी कूसबी बदलेत नही, तवयपासून." दोन पायऱ्या उतरून तिने पुन्हा कानाशी येऊन विचारलं, "आज हात कोठे ठेवू?"

हेही त्याला ऐकू आलं होतं. तरी न ऐकल्यासारखं करून तो रिक्षाला हात करू लागला.

संध्याकाळी भागीरथी आपल्या जागेवर होती. हात मांडीवर, पदराखाली.

बुवांनी चाल वर नेली आणि ते थांबले. मांडवाने श्वास धरला. मग आजूबाजूचे टाळ एकदम हलू लागले. निंबाचे हलेनात. दगाने कोपराने ढोसलं. निंबाने टाळ एकदा वाजवला, तो भलत्याच जागी पडला. बुवांनी मान वळवून पाहिलं.

निंबाने टाळाची दोरी गळ्यात अडकवली. मोकळे झालेले दोन्ही हात त्याने सगळ्यांसमोर कपाळापर्यंत उचलले आणि तसेच धरून तो भागीरथीकडे बघत राहिला.

दगाने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. पाहता पाहता त्याची मान खाली गेली.

भागीरथीने उषाबाईला जरा सरकायला सांगितलं, हात पदराखालून बाहेर काढले आणि पदर कमरेला खोचला.