काचेतल्या बाळाचा फोटो

पहिला फोटो दाखवला तेव्हा माझ्या भावजयीने तो जेमतेम पाहिला. कॅमेरा माझ्या हातात परत दिला, कुशीवर वळायला गेली, टाके ओढले गेले म्हणून अर्ध्यातच थांबली आणि छताकडे बघत म्हणाली, "कधी गेली?"

मला आधी कळलंच नाही. मग मी तोच फोटो तिच्या जागी बसून पाहिला. निळं पडलेलं बाळ, डोळ्यांवर पट्टी, हातपाय धुरकट, कुठे काय संपतं आणि कुठे काय सुरू होतं याचा पत्ता नाही.

"अगं, लाइट निळा आहे तो! कावीळ उतरावी म्हणून ठेवलंय लाइटखाली. डोळ्यांना त्रास नको म्हणून पट्टी. आणि माझा हात हलला, म्हणून असं पुसट आलंय."

"मागच्या वेळीही तुम्ही सगळं असंच पटापट सांगितलं होतंत, ताई."

दोन वर्षांपूर्वी तिचा पहिला मुलगा जन्मल्यावर सहा तासांत गेला. ती तापाने फणफणलेली होती. डॉक्टर म्हणाले, आत्ता धक्का नको. माझा भाऊ जहाजावर नोकरीला, तेव्हाही समुद्रातच होता. घरातलं मोठं माणूस म्हणजे मी. दोन दिवस मी तिला सांगत राहिले, झोपलाय, गोड आहे, नाक तुझं घेतलंय. तिसऱ्या दिवशी तो तिच्या हातात दिला, स्वच्छ पुसलेला, टोपी घातलेला. ती भांडली नाही, रडली तेही माझ्यासमोर नाही. पण तेव्हापासून माझा एकही शब्द ती तपासल्याशिवाय घेत नाही. साखर संपली म्हटलं तरी उठून डबा उघडून बघते. आणि माझं तोंड नाही तिला काही म्हणायला.

आता ही मुलगी सात आठवडे आधी आली. चौदाशे ग्रॅम. तिला अंगणापलीकडच्या इमारतीत काचेच्या पेटीत ठेवलेलं आणि आई इकडे तिसऱ्या मजल्यावर. ऑपरेशननंतर आईला ताप, तो पूर्ण उतरेपर्यंत लहान बाळांच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. भाऊ अजून अकरा दिवसांनी बंदराला लागणार. त्यामुळे दोन इमारती, सहा जिने आणि मी. पोस्टात सॉर्टिंगला तीस वर्षं उभी राहून माझे गुडघे आधीच गेलेले आहेत. दिवसाला किती वेळा चढले-उतरले ते मोजायचं मी पहिल्याच दिवशी सोडून दिलं.

खरी काळजी होती दुधाची. पहिले दोन दिवस ती दर तीन तासांनी पंप लावून बसायची. इवल्याशा बाटलीत चमचाभर दूध निघायचं, ते मी झाकून पलीकडे न्यायची आणि सिस्टर ते नळीतून बाळाला द्यायच्या. तो फोटो पाहिल्यावर तिने पंप टेबलाच्या पार टोकाला सरकवला.

"कुणासाठी काढू?" ती म्हणाली.

डॉक्टर येऊन समजावून गेले. तिने मान हलवली. पण मागच्या वेळी डॉक्टरही माझ्याच बाजूने खोटं बोलले होते, हे ती विसरली असेल असं मला वाटेना. दुपारी लहान बाळांच्या खोलीतल्या मोठ्या सिस्टरांनी मला बाजूला घेतलं. त्या सगळ्यांना बाळाच्या नात्यानेच हाक मारतात.

"आत्या, आज दूध आलं नाही ते?"

मी सांगितलं.

"आणखी एक-दोन दिवस असं गेलं तर दूध आटत जाईल. एवढ्याशा पोटाला आईच्या दुधाइतकं दुसरं काही मानवत नाही. तुम्ही काहीही करा, पण तिला पंप लावायला लावा."

काहीही करा म्हणणं सोपं असतं. फोन आत न्यायला बंदी, तो बाहेरच्या कपाटात ठेवायचा. व्हिडिओचं तर नावच काढायचं नाही, कारण एकदा कुणाच्या तरी व्हिडिओत शेजारची आई बाळाला पाजताना आली होती आणि प्रकरण वरपर्यंत गेलं होतं. नातेवाइकांसाठी वॉर्डाचा एक कॅमेरा होता, रुपेरी, साबणाच्या वडीएवढा, स्पिरिटने पुसून पुसून अक्षरं उडालेला. तो मागायचा, फोटो काढायचे, आईला दाखवायचे आणि वीस मिनिटांत आणून द्यायचा.

मी पुन्हा मागितला. मुलीला नीट दिसेल असं काढायचं म्हणून बटण दाबलं आणि धाडकन फ्लॅश उडाला. शेजारच्या तीन पेट्यांमधली बाळं दचकली. सिस्टर अशा काही ओरडल्या की एका बाळाचे वडील हातातला रुमाल टाकून उभे राहिले. फोटोत काय आलं? काचेवर एक पांढराफेक ठिपका आणि त्याच्या मागे मी. तोंड उघडं, केस विस्कटलेले, डोळ्यांखाली पिशव्या. त्या दिवशी आरशात बघायला वेळ मिळाला नव्हता, ती हौस तिथे भागली. बाळाचा कुठे मागमूस नाही.

फ्लॅश बंद करून घेतला. मग लांबून झूम लावला, तर सगळं वाळूसारखं दाणेदार. जवळ गेले तर काचेत छतावरचे दिवे. एकूण नऊ फोटो काढले आणि नवांतला एकही धड नाही. तीस वर्षं ठप्पे मारून माझ्या उजव्या हाताला बारीक थरथर आहे, कप उचलला की बशी वाजते. या हाताने काय फोटो काढायचा! मी त्या कॅमेऱ्याला मनात येईल ते बोलत बाहेरच्या बाकावर बसले. मनात बोलतेय असं आपलं मला वाटत होतं.

"कॅमेरा बिचारा काय करणार, बाई?"

एक्स-रे काढणारे गृहस्थ होते. चाकांवरचं त्यांचं यंत्र भिंतीला लावून ते डबा खायला बसले होते. रिटायरमेंटला आलेले असावेत, बोलणं अगदी संथ. मी कॅमेरा त्यांच्यापुढे धरला. डबा बाजूला ठेवून, हात पुसून त्यांनी नऊच्या नऊ फोटो पाहिले, आणि माझाच फोटो आला तिथेही हसले नाहीत. तेवढ्यावरूनच माणूस मला बरा वाटला.

"तुम्ही हातात धरून काढताय," ते म्हणाले. "आत उजेड कमी. उजेड कमी असला की कॅमेरा डोळा जास्त वेळ उघडा ठेवतो. तेवढ्यात तुमचा हात हलला की सगळंच हलतं. आम्ही पेशंटला श्वास रोखायला सांगतो तो उगाच नाही."

"मग काय करू? हात कापून ठेवू?"

"टॉवेलची घडी ठेवा पेटीशेजारच्या ट्रॉलीवर आणि कॅमेरा त्यावर टेकवा. भिंग पार काचेला भिडवायचं, मधे फट ठेवायची नाही, म्हणजे दिव्यांचं प्रतिबिंब पडत नाही. झूमला हात लावू नका. हे फुलाचं चित्र दिसतंय ना, जवळच्या वस्तूसाठी आहे, ते लावा. आणि हे घड्याळाचं. बटण दाबून हात काढून घ्यायचा, कॅमेरा दोन सेकंदांनी आपला आपण फोटो घेतो."

"आणि निळं दिसतं त्याचं?"

"निळा लाइट पेटलेला असताना काढूच नका. सकाळी अकराला पुसापुशी करतात तेव्हा लाइट बंद करून पट्टी काढतात. पाच-सात मिनिटं मिळतात. सिस्टरांना खिडकीचा पडदा वर करायला सांगा. खिडकीच्या उजेडात माणूस माणसासारखा दिसतो."

मग त्यांनी डबा पुन्हा उघडला. मी आभार मानले की नाही, आता आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी अकरापर्यंत तिने पंपाला हात लावला नव्हता. छाती दगडासारखी झाली होती, दुखत होती, कपडे ओले होत होते. तरी नाही म्हणाली. ती कापडाच्या कारखान्यात तपासणीला आहे. दिवसभर उजेडाच्या टेबलावरून ताणून सोडलेल्या थानात एखादा तुटका धागा हुडकायचा, हे तिचं काम. अशा बाईला गोड बोलून काही पटत नाही. तिला दिसावं लागतं.

मी हात धुतले, गाऊन चढवला, टॉवेलची घडी घातली. सिस्टरांनी निळा लाइट बंद केला, पट्टी काढली, पडदा वर केला, आणि चार दिवसांत पहिल्यांदा मला माझी भाची दिसली. निळी नाही. लालसर, सुरकुतलेली, एखाद्या रागावलेल्या म्हातारीसारखी. नाकात नळी, गालावर चिकटपट्टी, एका हाताला सलाइनची पाटी बांधलेली. मला तिथेच हुंदका आला, आणि सिस्टर म्हणाल्या, "आत्या, रडायचं नंतर. पाच मिनिटं आहेत."

कॅमेरा टेकवला, भिंग काचेला भिडवलं, बटण दाबलं आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून शाळेतल्या पोरीसारखी उभी राहिले. क्लिक. कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिलं तर विश्वासच बसेना. पापण्यांचे केस मोजता येत होते. मी आणखी एक काढला, पण त्यात नेमका तिचा हात पुसट आला. तिसऱ्याला सिस्टर पट्टी बांधायला आल्या आणि त्यांचं कोपर मधे आलं. असो, एक चांगला मिळाला होता. गुडघ्यांची पर्वा न करता मी तीन जिने चढले.

"बघ," मी धापा टाकत म्हणाले. "आता बघ."

तिने कॅमेरा दोन्ही हातांत घेतला. खूप वेळ पाहिलं. मी तिच्या चेहऱ्याकडे डोळे लावून बसले होते, आत्ता हसेल, मग हसेल. तिच्या ओठांचा रंग उडत चालला.

"किती स्वच्छ आहे," ती म्हणाली. "किती शांत. त्यालाही तुम्ही असंच माझ्या हातात दिलं होतंत."

दोन दिवस मी धडपडले होते ती फोटो स्पष्ट यावा म्हणून, आणि जितका तो स्पष्ट आला तितकं बाळ निश्चल झालं होतं. मी पलंगाच्या कडेवर बसले आणि मला रडू फुटलं.

"मी तेव्हा खोटं बोलले," मी म्हणाले. "डॉक्टरांनी सांगितलं म्हणून नाही गं. मला तुझं तोंड बघवणार नव्हतं म्हणून. भित्री होते मी. दोन दिवस तुझं मूल तुझ्यापासून चोरलं मी. पण ही आहे. माझी शपथ खरी मान, नाहीतर नको मानू, माझ्या शपथेला तरी काय अर्थ उरलाय. पण ती आहे."

कॅमेरा परत द्यायला म्हणून तिने तो उलटा केला, तेव्हा तिचा अंगठा बटणावर पडला आणि पुढचा फोटो आला.

"तो राहू दे," मी नाक पुसत म्हणाले. "तो बिघडलाय. हात हलला."

"कुणाचा?"

"काय कुणाचा?"

"कुणाचा हात हलला? तुमचा का तिचा?"

"माझा कसा हलेल? माझे हात पाठीमागे होते. कॅमेरा टॉवेलवर टेकवलेला होता."

तिने पडदा डोळ्यांजवळ नेला. फोटो मोठा करायचं बटण तिने स्वतःच शोधलं. आधी कोपऱ्यात गेली. पेटीवरच्या कागदावर वजन लिहिलं होतं, ते तिने ओठ हलवत वाचलं. मग चादरीची शिवण पाहिली, टाका न् टाका. मग गालावरची चिकटपट्टी, तिची कात्रीने कापलेली कड. सगळं जागच्या जागी, धारदार. मग ती हातापाशी आली. तिथे पाच बोटांच्या जागी फिकट गुलाबी फराटा होता, पंख्यासारखा, चादरीपासून कानापर्यंत गेलेला. ती पुन्हा कागदावर गेली आणि पुन्हा हाताकडे आली. असं तीन वेळा. मी श्वास रोखून होते.

"कागद हललेला नाही," ती पुटपुटली. "शिवण हललेली नाही."

"नाही."

"हीच हलली."

"हो गं."

तिचा चेहरा एकदम कोसळला आणि ती रडायला लागली. मोठ्याने, तोंड उघडं टाकून, माझ्यासमोर. शेजारच्या पलंगावरची बाई उठून बसली. मी तिला जवळ घ्यायला गेले तर तिने मला ढकललं.

"तो पंप द्या आधी," ती म्हणाली. "मघापासून नुसत्या बसून काय राहिलात?"

मी पंप दिला. पहिल्यांदा काहीच येईना. ती दात आवळून बसली. एवढे तास तुंबलेलं, दुखत किती असेल! कॅमेरा तिने उशीला टेकवून ठेवायला सांगितला, तोच बिघडलेला फोटो लावून. पण बॅटरी वाचवायला तो मिनिटभराने आपोआप बंद व्हायचा. वीस मिनिटं केव्हाच होऊन गेली होती, पलीकडे सिस्टर माझ्या नावाने ओरडत असणार, आणि माझा उजवा गुडघा ठणकत होता. मी पलंगाशी उभी राहिले. पडदा काळा झाला की ती मान वर न करता म्हणायची, "ताई, लावा." मी लावायची.