तेच औषध

दादानं धाकट्या बहिणीला किडनी दिली त्याला चार वर्षं झाली होती. परकी किडनी शरीरानं झिडकारू नये म्हणून तिला रोज दोन कॅप्सूल घ्याव्या लागत, सकाळी आठला एक आणि रात्री आठला एक. पाहुणे बसलेले असोत की बस सुटत असो, आठ वाजले की कॅप्सूल तोंडात. ती छापखान्यात मुद्रितं तपासायची. पानावरचा एखादा अनुस्वार निसटला तरी तिला चैन पडत नसे, तिथे गोळी कुठून निसटणार?

म्हणून दर तीन महिन्यांच्या रक्ततपासणीचा कागद हातात आला तेव्हा तिला आधी छपाईचीच चूक वाटली. किडनी कशी चाललीय ते सांगणारं रक्तातलं क्रिएटिनिन नेहमी एकच्या आसपास असायचं. या खेपेला ते एक पूर्णांक नऊ होतं.

डॉक्टरीणबाईंनी कागद दोनदा वाचला. “गोळ्या चुकतायत का?”

“नाही.”

“रक्तातलं औषधाचं प्रमाण निम्म्यावर आलंय. चार-पाच वर्षं झाली की माणसं सैल पडतात. मी रागावत नाहीये, फक्त खरं सांगा.”

“खरंच सांगतेय.”

बाईंनी मान हलवली आणि फाइलवर काहीतरी लिहिलं. उलटं वाचायची धाकटीला कामामुळे सवयच होती. ‘औषध नियमित घेत नसावी’, असं तिनं टेबलाच्या अलीकडून वाचलं.

दादा लिफ्ट दुरुस्त करायचा. संध्याकाळी कामाचे कपडे न बदलताच तो तिच्याकडे आला, मागोमाग वहिनी. त्यानं कागद उजेडात धरला, घडी करून टेबलावर ठेवला.

“एखाद्या दिवशी विसरलीस का? मी काही बोलणार नाही. पण सांग.”

“नाही दादा.”

“प्रवासात? काम जास्त होतं तेव्हा?”

“एकदासुद्धा नाही.”

“मग औषध काय हवेत विरतं?” त्याचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. “माझ्याकडे आता द्यायला दुसरी नाहीये गं.”

वहिनी म्हणाल्या, “अहो, पुरे.” पण बोलून झालं होतं. तो जिना उतरून गेला, चहा तसाच राहिला.

त्यानंतरचे दिवस धाकटीनं कसे काढले ते तिचं तिला माहीत. ती वहिनींना आठच्या आधी बोलावून घ्यायची, त्यांच्यासमोर कॅप्सूल गिळायची आणि जीभ उचलून दाखवायची. वहिनी तोंड फिरवायच्या. “मला कशाला दाखवतेस? माझा विश्वास आहे.” पण धाकटीचाच स्वतःवरचा विश्वास उडत चालला होता. आपण गोळी घेतली असं वाटतं आणि प्रत्यक्षात घेतच नाही, असं होत असेल का? छापखान्यात ती एकाच ओळीवर अर्धा तास बसायची. पाय सुजले होते, चपलेचा पट्टा लागेना.

पाच दिवसांनी पुन्हा रक्त दिलं. दोन पूर्णांक चार. डॉक्टरीणबाईंनी सोमवारी भरती व्हायला सांगितलं. किडनीचा तुकडा काढून तपासायचा होता.

रविवारी सकाळी तिनं छापखान्याची राहिलेली पानं पुरी करायला घेतली. आपण परत कामावर येऊ की नाही, याची तिला खात्री नव्हती. पानांत खुणेला घालायला ती औषधाच्या रिकाम्या खोक्यांच्या पट्ट्या कापून ठेवत असे. खण उपसून तिनं मूठभर पट्ट्या बाहेर काढल्या आणि सवयीनं त्यांवरचा मजकूर वाचू लागली. औषधाचं नाव सगळीकडे एकच, मिलिग्रॅमही तेच. खालच्या बारीक अक्षरांत मात्र बनवणाऱ्या कंपनीचं नाव वेगळं होतं. जुन्या सगळ्या पट्ट्या एका कंपनीच्या. दोन-तीन दुसऱ्या कंपनीच्या. आणि आत्ता चालू असलेलं खोकं तिसऱ्याच कंपनीचं.

तिला आठवलं, मध्यंतरी कॅप्सूलचा रंग बदलला होता. तिनं विचारलंही होतं. औषधवाले काका म्हणाले होते, “तेच आहे हो, कंपनी फक्त वेगळी.”

ती तशीच दुकानात गेली आणि पट्ट्या काउंटरवर मांडल्या.

“काका, हे कोणकोणत्या तारखेला बदललं ते मला लिहून द्या.”

काकांनी चष्मा नीट केला. “जुन्या कंपनीचा माल येईना, म्हणून दुसरा दिला. तो संपला, मग तिसरा. चिठ्ठीवर औषधाचं नाव असतं, कंपनीचं नसतं. मी चिठ्ठीबाहेर काही केलेलं नाही.”

“माझी किडनी चाललीय काका. आणि सगळे म्हणतात, मीच गोळ्या घेत नाही.”

काकांनी पट्ट्या पुन्हा उलटसुलट करून पाहिल्या. मग म्हणाले, “फिट येणाऱ्यांना मी सांगतो, कंपनी बदलली की डॉक्टरांच्या कानावर घाला. तुमच्या औषधाचं मला सुचलं नाही. सुचायला हवं होतं.” त्यांनी बिलांची चळत काढली आणि एकेक तारीख कागदावर उतरवून खाली सही केली.

सोमवारी भरती होतानाच तिनं तो कागद आणि पट्ट्या डॉक्टरीणबाईंसमोर ठेवल्या. दादा दारात उभा होता. बाईंनी तारखा रक्ताच्या अहवालांशी जुळवून पाहिल्या.

“यातलं कुठलंच औषध खोटं नाही,” त्या शेवटी म्हणाल्या. “दुसऱ्या कुणाला यातलं तिसरं पहिल्यापासून दिलं असतं तर छान लागू पडलं असतं. पण या औषधात थोडा फरकही चालत नाही. एकाचं जितकं रक्तात उतरतं तितकंच दुसऱ्याचं उतरेल असं नसतं. कंपनी बदलली की आठवड्याभरात रक्त तपासून मात्रा ठरवायची असते. ते झालं नाही. आणि मी तुम्हाला विचारलं ते चुकीचं विचारलं.” त्यांनी फाइल उघडली आणि स्वतःची ती ओळ खोडली.

तपासणीत कळलं, शरीरानं किडनी झिडकारायला सुरुवात केली होती. तीन दिवस शिरेतून औषध चाललं. चौथ्या दिवसापासून आकडा उतरू लागला. दोन, मग एक पूर्णांक आठ, मग एक पूर्णांक सात. तिथेच तो थांबला.

“गेलेला भाग परत येणार नाही,” बाईंनी स्पष्ट सांगितलं. “ही किडनी पंधरा वर्षं चालेल असं मी धरलं होतं. आता तितकं म्हणवत नाही.”

घरी सोडलं त्या दुपारी दादानं पिशवी उचलली. बाहेरच्या बाकापाशी आल्यावर धाकटी थांबली.

“तू विश्वास ठेवला नाहीस.”

“नाही ठेवला,” तो म्हणाला. “घाबरलो होतो. तुझ्यावर चिडलं की घाबरायला वेळ मिळायचा नाही.”

“मी वहिनींना जीभ उचलून दाखवत होते, दादा.”

त्याला हे माहीत नव्हतं. तो बाकावर बसला. धाकटीही बसली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच रडली, येणाऱ्या-जाणाऱ्यांची पर्वा न करता. दादा तिला उगी म्हणाला नाही. गाडीवाल्यानं दोनदा विचारलं, येताय का म्हणून. दोन्ही वेळा दादानं हातानंच नको म्हटलं.