पट्टीचा पंखा

मित्रांनो, मी एक जुना टेबलपंखा आहे. हल्ली लोक मला 'कलाकृती' म्हणतात, पण म्हणून मी हवेत नाही. हवा देणं हेच माझं काम.

कारखान्यातून निघालो तो थेट कपडे शिवणाऱ्या एका आईच्या दुकानात आलो. वीस वर्षं मी तिचा घाम वाळवला. तिची लेक माझ्यासमोर तोंड धरून 'आऽऽ' करायची आणि स्वतःच्याच थरथरत्या आवाजाला खदखदून हसायची. पुढे माझा कंडेन्सर कमजोर झाला. बटण दाबलं की मी नुसता घुं घुं करायचो. मग आई लाकडी पट्टी जाळीतून आत घालून पातं ढकलायची, की मी सुरू! शेवटी छताला नवा पंखा लागला आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

लेक मोठी होऊन कलाकार झाली. तिने मला खाली काढून पुसलं. एक वठलेली फांदी उभी करून तिला आईकडच्या हिरव्या चिंध्यांची चारशे पानं बांधली. शेजारी कुंडीत एक रोप लावलं. रोपाला पाणी घातलं की मातीतला सेन्सर संगणकामार्फत मला इशारा देणार, मी फिरणार आणि फांदी सळसळणार! तिचं हे पहिलंच प्रदर्शन होतं.

उद्घाटनाला दालन गच्च भरलं. पाहुण्यांनी पाणी घातलं, सेन्सरचा दिवा लागला, आणि मी? घुं घुं! लेकीने वायरी तपासल्या, संगणक तपासला. तिच्या तोंडचं पाणी पळालं. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मागून आई म्हणाली, "अगं, पट्टी कुठंय?"

"कसली पट्टी?"

"घरी तू हे जुळवत होतीस तेव्हा रोज मीच ढकलत होते की त्याला! तुझं सगळं लक्ष त्या संगणकात."

आईने पिशवीतून पट्टी काढून पातं ढकललं. चारशे पानं एकदम सळसळली.

"उद्या नवा कंडेन्सर बसवते," लेक म्हणाली. पण तोवर पट्टीसाठी मुलांची रांग लागली होती. ती बघून लेकीने कंडेन्सरचा बेत सोडला. मग तिने पाटी लिहिली, 'रोपाला पाणी घाला, पंख्याला हात द्या.'

आई हसली. "पट्टीचा कलाकार आहे हो तो!"

मित्रांनो, घरातलं काही घुं घुं करू लागलं, तर लगेच भंगारात काढू नका. त्याच्यात जीव असतो, फक्त जरासा हात लागतो. रोप आता माझ्याहून उंच झालंय. या, पाणी घाला. पट्टी तिथेच खिळ्याला टांगली आहे.