एक पट्टी वर

दाजींचा अल्बम पन्नास वर्षांनी पुन्हा निघणार आहे, हे मला ताईने फोनवर सांगितलं. कंपनी जुन्या टेप शोधून, नव्याने रीमास्टर करून तो काढणार होती, सोबत फोटोंची पुस्तिकाही देणार होती. ताईला काय सांगू अन् काय नको असं झालं होतं. दाजींना मात्र त्याचं विशेष वाटलेलं दिसलं नाही. ते म्हणे ऐकून घेऊन पुन्हा दुकानात रंग मिसळायला गेले. मी "छान झालं" म्हणालो. मग फोन ठेवून दिला.

तो काळ ग्लॅम रॉकचा होता. चांगले दणकट पुरुष डोळ्यांत काजळ आणि गालांवर चमकी लावून, वीतभर टाचांचे बूट घालून गायचे. दाजी त्यातलेच. लोक त्यांना चमको म्हणायचे, आधी चिडवायला आणि मग लाडाने. त्यांचा चंदेरी कोट माझ्या मोठ्या बहिणीने, म्हणजे ताईने शिवला. मी ज्या स्टुडिओत टेपचं मशीन चालवायचो तिथेच ती मापं घ्यायला यायची. दोघांची गाठ तिथलीच.

अल्बम फार गाजला. त्यातला आवाज असा काही पातळ आणि लखलखीत होता की गाणारा बाप्या आहे की बाई, यावर लोक पैजा लावायचे. पण स्टेजवर दाजींना तो आवाज लागेना. त्यांच्या नेहमीच्या पट्टीत गायले की लोक ओरडायचे, रेकॉर्डमध्ये आहे तसं गा. मग मॅनेजरने वाद्यं एक पट्टी वर लावायला लावली, रेकॉर्डला जुळतील अशी. दाजी सहा वर्षं त्या पट्टीत गळा फाडत राहिले. शेवटच्या कडव्याला आवाज चिरायचा, शिट्ट्या पडायच्या. ताई त्यांना मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायला लावी, आठ-आठ दिवस मौन पाळायला लावी. डॉक्टरांना गळ्यात गाठी दिसल्या. तिशीत त्यांनी गाणं सोडलं आणि रंगाचं दुकान टाकलं. "आधी तोंडाला फासायचे, आता भिंतींना फासतात," असं ताई पाहुण्यांना सांगते आणि दाजी हसतात. पण मी त्यांना त्यानंतर न्हाणीघरातसुद्धा गुणगुणताना ऐकलेलं नाही. विषय निघालाच तर एकच वाक्य: माझा गळाच कच्चा, त्याला कोण काय करणार.

त्यांचा गळा कच्चा नव्हता. हे मला तेव्हाच ठाऊक होतं.

मी बावीस वर्षांचा होतो आणि स्टुडिओत लागून तीन महिने झाले होते. अल्बमची शेवटची टेप तयार झाली होती. तिची एक प्रत काढून कारखान्याला पाठवायची, एवढंच माझ्याकडे काम होतं. त्याआधी त्याच मशीनवर मी साबणाची एक जाहिरात केली होती. वाचणाऱ्याने बत्तीस सेकंद घेतले होते आणि रेडिओवर जागा तीसच सेकंदांची होती. अशा वेळी मशीनवर एक चकती असायची ती जराशी फिरवायची, टेप थोडी भरभर पळायची, जाहिरात बसायची. काम झालं की चकती परत जागेवर आणायची. ती मी आणली नाही. प्रत निघत असताना मी ऐकायला हवं होतं, कारण त्यासाठीच मला तिथे बसवलं होतं. मी पुस्तक वाचत होतो. कोणतं ते आता आठवत नाही, म्हणजे ते फार चांगलंही नसावं.

दुसऱ्या दिवशी एका व्याख्यात्याचं भाषण लावलं तर गृहस्थ उगाच घाईत असल्यासारखा बोलू लागला. चकतीकडे पाहिलं, ती अजून जाहिरातीच्याच खुणेवर होती. टेप कारखान्यात पोचली होती, पण छापायला दोन दिवस अवकाश होता. एक फोन केला असता तर भागलं असतं. नोकरी जाईल या भीतीने मी तो केला नाही. अल्बम आला तेव्हा गिटारवाल्याला सूर चढलेला जाणवला, पण त्याला वाटलं कंपनीने काही करामत केली असेल. बाकी सगळे खूष होते. पुढे दाजी माझ्या बहिणीचे नवरे झाले, आणि मग तर सांगायला तोंडच उरलं नाही. स्टुडिओ बंद पडल्यावर मी वाचनालयात नोकरी धरली. तिथे पुस्तक वाचलं तर कुणाचं काही बिघडत नाही.

ताईच्या फोननंतर तीन आठवड्यांनी रीमास्टर करणाऱ्या मुलीने मला बोलावलं. टेपच्या खोक्यांवरच्या अक्षरावरून तिने मला शोधून काढलं होतं. खोलीला जाड पडदे होते, दोन उंच स्पीकर होते आणि कोपऱ्यात भट्टीसारखी एक पेटी होती. जुनी टेप ओल धरते, म्हणून ती आधी दोन दिवस मंद आचेवर भाजून घ्यावी लागते, असं तिने मला समजावलं. कारखान्याला गेलेली प्रत पार खराब झालेली निघाली, म्हणून तिने प्रतीच्या आधीची मूळ टेप घेतली होती. तिच्या खोक्यावर माझ्या हाताने पहिल्या गाण्याची लांबी लिहिलेली होती: चार मिनिटं सोळा सेकंद. बाजारात गेलेल्या रेकॉर्डवर तेच गाणं बरोबर चार मिनिटांचं होतं. सगळीच गाणी त्याच हिशेबाने आखडलेली होती.

"काका, हे मुद्दाम केलं होतं का?" तिने विचारलं. "आवाज कोवळा वाटावा म्हणून तेव्हा असं करायचे म्हणतात. मुद्दाम असेल तर मी वेग तसाच ठेवते. चुकून झालं असेल तर गायकांना विचारावं लागेल."

पन्नास वर्षं जे खोटं मला सुचलं नाही ते ती मुलगी आपणहून माझ्या हातात ठेवत होती. मुद्दाम, असं म्हटलं की संपलं. मी म्हणालो, आठवून सांगतो. तिने शुक्रवारपर्यंत मुदत दिली आणि मूळ वेगातलं पहिलं गाणं एका छोट्या प्लेअरवर घालून दिलं, आठवायला बरं म्हणून.

मी घरी जाऊन दाजींना पत्र लिहायला बसलो, कारण कागदावर मला थोडंफार जमतं. तीन पत्रं फाडली. तिसऱ्यात तर मी स्टुडिओतल्या हवेचंच वर्णन करत बसलो होतो. गुरुवारी उठून ताईकडे गेलो.

दोघं स्वयंपाकघरात होती. ताई कपड्यांच्या घड्या करत होती, दाजी नखांतला हिरवा रंग काडीने काढत होते. मी उभ्याउभ्याच सांगितलं: जाहिरात, चकती, पुस्तक. सांगायला दोन मिनिटंही लागली नाहीत, याचं मलाच नवल वाटलं.

"तुला कधी कळलं?" ताईने विचारलं.

मी म्हणालो, दुसऱ्या दिवशी.

"दुसऱ्या दिवशी." तिने हातातला टॉवेल खाली ठेवला. "मी सहा वर्षं ह्यांच्या गळ्यासाठी पाणी उकळत होते. तू यायचास, तिथे बसायचास. एकदा तर तूच गरम करून दिलंस."

ते खरं होतं. मी विसरलो होतो, ती विसरली नव्हती.

 दाजींनी माझ्या हातातल्या प्लेअरकडे पाहिलं आणि म्हणाले, "लावा मेहुणे, बघू."

मी गाणं लावलं. आवाज भरीव होता, थोडा खर्जातला, घाई नसलेला. दाजी टेबलाकडे बघत ऐकत राहिले. संपल्यावर त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं. तिसऱ्या वेळी त्यांचे ओठ हलताना मला दिसले.

"हे मला जमलं असतं," ते म्हणाले. मग, "रोज जमलं असतं."

ताई उठून आतल्या खोलीत गेली आणि तिथूनच म्हणाली की मी आता निघावं. मी निघालो.

पुढचं दाजींनी परस्पर केलं. शुक्रवारी त्यांनी त्या मुलीला स्वतः फोन करून मूळ वेगच ठेवायला सांगितलं. कंपनी बिचकली, लोकांना सवयीचा आवाज लागतो, निदान दोन्ही घालू, म्हणाली. दाजींनी ऐकलं नाही. पुस्तिकेत एक ओळ आली की तांत्रिक कारणाने बदललेला वेग या आवृत्तीत पूर्ववत केला आहे. कारण कोणतं आणि कुणाचं, ते आलं नाही. दाजींनीच ते लिहू दिलं नव्हतं. वाचून मला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाज वाटली. ताई मात्र चार महिने माझ्याशी एक शब्द बोलली नाही. मी फोन केला की दाजी उचलायचे, हवापाण्याचं बोलायचे आणि ठेवायचे.

अल्बम निघाला त्या शनिवारी रेकॉर्डच्या एका दुकानात छोटा कार्यक्रम होता. वीसेक खुर्च्या मांडल्या होत्या. दाजी साध्या शर्टात एका टेबलामागे बसून सह्या करत होते. मी मागे एका फळीपाशी उभा राहून रेकॉर्डची वेष्टनं वाचत होतो. ताई पहिल्या रांगेत होती. तिने मला पाहिलं आणि मान वळवली.

दुकानात नवा अल्बम लावलेला होता. टक्कल पडलेले एक गृहस्थ जुनी रेकॉर्ड काखेत घेऊन पुढे आले. पंधरा वर्षांचा असल्यापासून त्यांनी ती जपली होती. सही त्यांना तिच्यावरच हवी होती.

"रागावू नका," ते दाजींना म्हणाले, "पण नव्यात ती चमक नाही. कॉम्प्युटरने वाट लावली. थकल्यासारखे वाटता तुम्ही."

"थकलो नव्हतो हो," दाजी म्हणाले. "चोवीस वर्षांचा होतो."

गृहस्थांना ते पटलं नाही. मग हा फरक कसा, त्यांनी विचारलं; मागच्या दोघा-चौघांनीही मान डोलावली. दाजी पेनाच्या टोपणाशी चाळा करत म्हणाले, काहीतरी तांत्रिक आहे. ते माझ्याकडे बघत नव्हते, आणि बघणारही नव्हते, हे मला कळत होतं. आणखी पन्नास वर्षं ते तांत्रिकच म्हणत राहिले असते.

ताई खुर्चीतच मागे वळली. "त्याला विचारा," तिने माझ्याकडे बोट केलं. "माझा भाऊ आहे. टेप तोच चालवत होता."

वीस माणसांनी मागे पाहिलं. वाचनालयाच्या निरोप समारंभातही मी बोललो नव्हतो, एक कागद वाचून दाखवला होता. आता हातात दुसऱ्या कुणाच्या तरी रेकॉर्डचं वेष्टन होतं. मी म्हणालो, चूक माझी होती, जुन्या रेकॉर्डवरचा आवाज वाढवलेल्या वेगाचा आहे, आणि हा खरा आहे.

"ऐकू येत नाही," कुणीतरी म्हणालं.

मी वेष्टन फळीवर ठेवलं आणि मोठ्याने पहिल्यापासून सुरुवात केली. म्हणालो, मशीन एका जाहिरातीसाठी वेगात लावलेलं होतं, ते उतरवायचं मी विसरलो. दुपारची वेळ होती, आणि टेप चालू असताना मी पुस्तक वाचत—

"सकाळ होती," ताई म्हणाली. "बाहेर बाकावर मी ह्यांच्या कोटाची बाही उसवत बसले होते. अकरा वाजले असतील."

"सकाळची वेळ होती," मी म्हणालो, आणि पुढे सांगू लागलो.